खोलीने खाल्लेला मृदंग

धाड गावच्या भजनी मंडळाची पदं देवळाच्या लाउडस्पीकरवर पहिल्यांदा लागणार होती, म्हणून अनंत कॉलेजच्या ऑफिसातून थोडा लवकर निघाला आणि बुलढाण्याहून जीप पकडून गावी गेला. पदं त्यानेच रेकॉर्ड केली होती. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या माइकवर घ्यायचा आणि मग घरच्या खोलीत बसून ते सगळे आवाज कमीजास्त करत एकमेकांत बसवायचे, असं ते काम. याला मिक्सिंग म्हणतात, एवढं आता मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ झालं होतं. मंडळाचे मुख्य गायक भगवानराव, म्हणजे अनंतचे वडील. मृदंगावर पंजाबराव. दोघं शाळेपासूनचे सोबती. भगवानरावांची पंजाबरावांबद्दल एकच तक्रार होती आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक होती: हा माणूस वाजवताना हात आवरत नाही.

पहिलं पद सुरू झालं आणि अनंतला वाटलं, स्पीकरच बिघडला. मृदंगाची डावी पुडी, म्हणजे जाड आवाजाची बाजू, अशी घुमत होती की सभामंडपाच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. त्या घुमण्याच्या खाली कुठेतरी वडलांचा आवाज होता, बारीक, डब्यातून आल्यासारखा. लोक माना डोलवत होते, पण मृदंगावर. कुणीतरी पंजाबरावांच्या पाठीवर थाप मारली. भगवानराव खांबाला टेकून बसले होते. तिसरं पद संपताच ते उठून चपला शोधू लागले.

घराकडे जाताना अनंतने दोनदा सांगून पाहिलं की खोलीत हे असं नव्हतं, तिथे सगळं बराबर वाटत होतं. भगवानरावांनी ऐकून घेतलं. दाराशी आल्यावर म्हणाले, "पंजाबरावानं तुले काही सांगतलं व्हतं का?"

अनंतला आधी प्रश्नच कळला नाही. पंजाबरावांच्या सांगण्यावरून मृदंग वाढवला का, असं बाबा विचारत होते. नाही, एवढंच तो म्हणाला. वडलांनी बरं म्हटलं, पण ते बरं विश्वास ठेवल्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला घरी आल्या आल्या तो खोलीत गेला. वरच्या मजल्यावरची ती खोली घर बांधताना सामान ठेवायला म्हणून काढलेली होती. चारी भिंती जवळपास सारख्या लांबीच्या, छतही तेवढ्याच उंचीवर. सिमेंटचा एक मोठा खोकाच. तरुणपणी अनंत खामगावच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. नोकरी लागल्यावर ते सुटलं. मग लॉकडाउनमध्ये त्याने संगणक आणि दोन चांगले स्पीकर घेतले आणि आसपासच्या गायकांची गाणी मिक्स करून द्यायला लागला. दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर असावेत म्हणून खुर्ची त्याने खोलीच्या अगदी मधोमध मांडली होती. त्या खुर्चीत बसून त्याने कालचंच पद लावलं.

पद छान वाजलं. वडलांचा आवाज भरदार होता, मृदंग त्यांच्या मागे नीट चालत होता. उलट मृदंग अजून थोडा वाढवला तरी चालेल, असं वाटत होतं.

त्याने तेच पद मोबाइलवर लावलं. मृदंगाचा घुमारा नाहीच, नुसती उजव्या पुडीची टकटक, आणि वडलांचा आवाज चिरका. हेडफोन लावले तर तिसरंच काहीतरी. ऑफिसातल्या एकाच्या गाडीत लावून पाहिलं, तर पुन्हा धाडच्या देवळासारखं, मृदंगाच्या पोटात सगळं गडप. एकच पद, आणि जिथे लावावं तिथे निराळं. यातलं खरं कोणतं, हे त्याला सांगता येईना.

मग त्याने एक गोष्ट केली जी कुठल्याही मिक्सिंग करणाऱ्याला आवडत नाही. कानाला पटत नसताना, अंदाजाने, मृदंग खाली आणला. ती फाइल त्याने मंडळाच्या लोकांना मोबाइलवर पाठवली. संध्याकाळी पंजाबरावांचा फोन आला. ते रागावले नव्हते, आणि त्यामुळेच ऐकणं जड गेलं.

"अनंता, म्या दोन घंटे बसून वाजवलं ना रे. मंग मी तिथं बसलो व्हतो का नव्हतो?"

अनंतने त्यांना मोबाइलच्या स्पीकरचं कारण सांगितलं. त्यांनी हाव, हाव म्हटलं. पण एकूण अर्थ असाच निघाला की आधी मुलाने बापाचा आवाज दाबला आणि बाप नाराज झाल्यावर पंजाबरावांचा मृदंग दाबला. दोन्ही वेळेला त्याने कुणालाच दाबलं नव्हतं, हे फक्त त्याच्या बायकोला पटत होतं, आणि तिलाही अधूनमधून.

प्रतिमा मुलींच्या शाळेत शिकवायची. तिने एक दिवस सरळ विचारलं की तुमच्या कानांत तर काही नाही ना. अनंतच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बारीकमोठे आवाज ऐकवले, बटण दाबायला लावलं आणि सांगितलं की या वयात इतके चांगले कान क्वचित असतात. तो पायऱ्या उतरून खाली आला तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळलेला होता. कान वाईट निघाले असते तर निदान कारण तरी सापडलं असतं.

मग त्याने इंटरनेटवर वाचून काळे, खाचाखाचांचे फोमचे तुकडे मागवले आणि दोन भिंतींवर चिकटवले. खोली फोटोतल्या स्टुडिओसारखी दिसायला लागली. फोम बोटभर जाडीचा होता. त्याने टाळांचा चकचकाट तेवढा शोषला, घुमारा होता तिथेच राहिला. अनंतला टाळ कमी वाटले, त्याने ते वाढवले. प्रतिमाने स्वयंपाकघरातल्या मोबाइलवर ती आवृत्ती ऐकली आणि म्हणाली की भांड्यांची मांडणी पडल्यासारखं वाटतं. अनंतने त्या आठवड्यात संगणक सुरूच केला नाही.

असं चाललेलं असताना भगवानराव डोळे तपासायला बुलढाण्याला आले. जेवण झाल्यावर ते स्वतःच म्हणाले की ती तुही खोली दाखव. आतापर्यंत ते कधी वर आले नव्हते. आत आल्यावर त्यांनी काळा फोम बोटाने दाबून पाहिला आणि मागच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसले. अनंत आपल्या खुर्चीत बसला आणि त्याने शेवटची आवृत्ती लावली, ज्यात मृदंग खाली आणलेला होता.

पहिली ओळ संपली. मग भगवानराव म्हणाले, "अजूनबी इतला मृदंग काऊन ठेवला तुनं? माह्या पाठीत घुसून राह्यला."

अनंत वळला. त्याला मृदंग जेमतेम ऐकू येत होता. तसं तो म्हणाला. भगवानरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मुलगा तोंडावर खोटं बोलतो आहे, हे बापाला दिसत असावं तसं ते पाहत होते. अनंतला वाटलं की बाबांचं आता वय झालं, किंवा मनात पंजाबराव इतके बसले आहेत की त्यांना सगळीकडे तेच ऐकू येतात. दोघांनी एकेकदा आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. आवाज चढायला लागले होते.

प्रतिमा चहा घेऊन आली ती दारातच थांबली. दाराजवळच्या कोपऱ्यात ती उभी होती आणि प्रत्येक थापेसरशी तिच्या हातातल्या बशा बारीक वाजत होत्या. तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"मामाजी, तुम्ही यांच्या खुर्चीत बसा बरं एकदा," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिथे बाकावर बसा."

दोघांनी जागा बदलल्या. अनंत बाकावर टेकला आणि मृदंग त्याच्या छातीवर आला. अगदी धाडच्या देवळातल्यासारखा. तो उठून उभा राहिला, परत बसला. तिकडे भगवानराव खुर्चीत मान तिरपी करून ऐकत होते.

"बंद केलं का तुनं काही?" त्यांनी विचारलं.

कुणीच काही बंद केलं नव्हतं. प्रतिमाने ट्रे खाली ठेवला आणि ती खोलीत इकडून तिकडे चालायला लागली. भिंतीजवळ आहे, असं ती म्हणायची. दोन पावलं पुढे आली की नाही. कोपऱ्यात सगळ्यात जास्त. मधे काहीच नाही. भगवानरावही उठले आणि तिच्या मागे चालू लागले. अनंत बसूनच होता. इतके दिवस तो ज्या एका जागेवर बसून सगळं ठरवत होता, तीच जागा मृदंग ऐकू न येण्याची होती.

पुढचे काही दिवस त्याने वाचण्यात घालवले आणि अर्धंमुर्धं त्याच्या लक्षात आलं. जाड आवाजाची लाट लांब असते. ती भिंतीवर आपटून मागे येते आणि येणारी आणि जाणारी लाट एकमेकींत मिसळतात. भिंतीशी त्यांची भर पडते, मधे त्या एकमेकींना खाऊन टाकतात. लांबी, रुंदी, उंची सारखी असली की तिन्ही बाजूंनी एकाच आवाजावर हे घडतं, म्हणून चौकोनी खोका सगळ्यात वाईट. आणि मृदंगाच्या थोडं वरचा जो आवाज, पुरुषाच्या छातीतून येणारा, तो नेमका खोलीच्या मधोमध फुगतो. म्हणजे अनंतने ऐकू येत नाही म्हणून मृदंग वाढवला होता, आणि फार भरदार वाटतो म्हणून वडलांच्या आवाजातला भरदारपणा काढून टाकला होता. देवळात जे वाजलं ते हेच.

हे त्याने वडलांना फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. खोली मृदंग खाते, एवढं त्यांना पटलं, कारण त्यांनी ते स्वतः चालून पाहिलं होतं. तरी फोन ठेवताना ते म्हणाले की पंजाबराव वाजवतातच जोरात, त्यात खोलीचा काय दोष.

खोली पाडून पुन्हा बांधता येत नव्हती. खुर्ची मधून हलवून एका भिंतीकडे सरकवणं सोपं होतं, ते त्याने आधी केलं. मग खामगावहून पिंजलेला कापूस आणला. सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, जमिनीपासून छतापर्यंतच्या. रविवारी तो आणि प्रतिमा गच्चीवर बसून त्यांत कापूस भरत होते, ना सैल ना दाबून, आणि वरून मांजरपाट ताणून खिळे मारत होते. कापूस दोघांच्या केसांत गेला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला. शेजारच्या बाईंनी विचारलं की गाद्यांचा धंदा सुरू केला का. प्रतिमा हो म्हणाली.

चारी कोपऱ्यांत, भिंतीपासून थोडी पोकळी ठेवून, त्या जाड चौकटी उभ्या केल्या. डोक्यावर एक टांगली, दोन बाजूच्या भिंतींवर लावल्या. बोटभर जाडीचा फोम काढून टाकला. शेवटची चौकट बसली तेव्हा दोघांनाही बोलताना फरक कळला. आवाज तोंडातून निघून तिथेच संपत होता. प्रतिमा म्हणाली की इथे बोललं की आपण एकटेच आहोत असं वाटतं.

सगळं सपाट झालं नाही. अनंतने एक सूर खालून वरपर्यंत हळूहळू चढवत नेला, तर एका ठिकाणी तो अजूनही बुडत होता आणि एका ठिकाणी उठत होता. पण आता बाकावर आणि खुर्चीत जवळपास एकच पद वाजत होतं. गाडीत, हेडफोनवर तेच साधारण तसंच यायला लागलं. कितीतरी दिवसांनी त्याला आपल्या कानांवर विश्वास ठेवावासा वाटला. त्याने सगळी पदं पहिल्यापासून पुन्हा मिक्स करायला घेतली.

वडलांची जुनी तक्रार त्याच्या डोक्यात होतीच. आता मृदंग नीट ऐकू येत होता, आणि तक्रार खरी आहे हेही ऐकू येत होतं. पंजाबराव पूर्ण पदभर छान, मऊ वाजवत होते, पण अधूनमधून त्यांचा हात एकदम जड व्हायचा. दोन-चार थापा जोरात, मग पुन्हा मऊ. अनंतने ठरवलं की या थापा तेवढ्या खाली आणायच्या. बाबांचंही समाधान होईल आणि मृदंग एकसारखा झाल्याने पंजाबरावांनाही वाईट वाटायचं कारण नाही.

पहिल्या पदातल्या त्या थापा त्याने खाली आणल्या. आणि त्या जागी वडलांचा आवाज थरथरला.

त्याला वाटलं, खोलीत काहीतरी उलटंच झालं. त्याने ती ओळ पुन्हा लावली. वरच्या सुरावर जाताना भगवानरावांचा आवाज हलत होता, सुराच्या जरा खाली राहत होता, आणि शेवटचा शब्द श्वास पुरत नसल्यासारखा अर्धा सुटत होता. आधीच्या खोलीत, त्या घुमण्यात, हे कधी ऐकू आलं नव्हतं. इंद्रभान नावाचे एक जण मंडळात झील धरायचे, म्हणजे मुख्य गायकाच्या मागून ओळ उचलायचे. अनंतने त्यांचा आवाज एकट्याने लावून पाहिला. तो सरळ होता. खोलीची चूक नव्हती.

दुसऱ्या पदात जड थापा दोन ठिकाणी होत्या. त्याने त्या खाली केल्या, दोन्ही ठिकाणी मागे तीच थरथर होती. तिसऱ्यातही तेच. त्याने थापा परत होत्या तिथे नेऊन ठेवल्या. थरथर झाकली गेली.

खुर्चीत बसून तो बराच वेळ विचार करत राहिला. पंजाबराव हे मुद्दाम करत होते का? की पद वर चढतं तेव्हा कुणाचाही हात चढतो, तसा त्यांचा चढत होता? आणि मुद्दाम करत असतील तर बाबांना हे माहीत नाही, आणि ते वर्षानुवर्षं त्यांनाच बोल लावत आले आहेत. संगणकावर सूर सरळ करून द्यायची सोय असते. त्याने एका ओळीवर ती लावून पाहिली. सूर सरळ झाला, पण गाणारा माणूस ओळखू येईना. त्याने ते पुसून टाकलं. प्रतिमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की मामाजींनाच विचारा. काय विचारायचं, असं त्याने म्हटलं. 

चष्मा तयार झाला म्हणून भगवानराव पुन्हा आले. नव्या चष्म्यातून त्यांनी कापसाच्या चौकटी पाहिल्या, हात लावला, आपल्या शेतातल्या कापसाचा धागा याहून लांब असतो म्हणाले. मग बाकाऐवजी खुर्चीतच बसले. अनंतने आधी थापा जशा होत्या तसं पद लावलं. भगवानरावांनी डोळे मिटून ऐकलं. आवाज आता आपला वाटतो, असं म्हणाले. मग त्या जागेवर डोळे उघडून त्यांनी बोट वर केलं.

"हे पाह्य. इथं हात आवरत नाही त्याचा. एवढं कमी करून लाव."

अनंत म्हणाला की राहू द्या बाबा, बरं वाटते तसंच. पण भगवानरावांना यंत्रावर सगळं करता येतं हे आता कळलेलं होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. अनंतने थापा खाली आणल्या आणि ओळ लावली.

ओळ संपली.  भगवानरावांनी नवा चष्मा काढून हातात घेतला.

"हा मीच हाये का?"

"हाव."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले की आता त्याचा हात जसा होता तसा लाव. अनंतने लावलं. मग दुसऱ्या पदातली तीच जागा, मग तिसऱ्यातली. प्रत्येक वेळी आधी थापांशिवाय, मग थापांसकट. अनंत सांगेल तसं नाही, ते सांगतील तसं. शेवटी त्यांनी हाताने थांब अशी खूण केली.

"कवापासून करून राह्यला असन तो?"

"माहीत नाही, बाबा. मुद्दाम करतात का नाही, तेबी माहीत नाही."

भगवानराव उठले. खोलीच्या मधे उभं राहून त्यांनी ती वरची ओळ स्वतः गायला सुरुवात केली. दोन शब्द झाले आणि ते थांबले. घसा साफ करून पुन्हा गायले, आणि पुन्हा थांबले. अनंतने पहिल्यांदाच वडलांना गाताना असं इकडेतिकडे पाहताना पाहिलं.

"मंडपात आवाज वापस येते," ते म्हणाले. "त्याच्यावर टेकून गातो मी. इथं टेकाले काही नाही."

त्यानंतर ते खाली गेले, प्रतिमाने दिलेला चहा प्यायले आणि चारची एसटी पकडून धाडला गेले. पदांचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि अनंतने विचारलं नाही. तो वर येऊन बसला. खोली नीट झाली होती, कान नीट होते, आणि कोणती आवृत्ती द्यायची हे मात्र त्याला आता पहिल्यापेक्षाही कमी कळत होतं. मृदंग खाली आणावा तर वडील उघडे पडत होते. वर ठेवावा तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला तीच तक्रार तशीच राहत होती.

पुढच्या आठवड्यात तो धाडला गेला. संध्याकाळी मंडळाचा सराव होता. पंजाबराव मांडीवर मृदंग घेऊन आवाज खोल घुमावा म्हणून डाव्या पुडीला कणीक लावत होते. बाकीचे अजून यायचे होते. भगवानराव त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि इकडचंतिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "पंजाबराव, वरच्या जागेवर हात काऊन जड होते तुमचा?"

पंजाबरावांनी कणीक अंगठ्याने पसरवली, थोडी काढली, पुन्हा लावली. "जड होते का?" ते म्हणाले. "माह्या तर ध्यानात नाही आलं कधी."

अनंत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. खरंच ध्यानात आलं नसेल तर माणूस असाच दिसतो, आणि लपवत असेल तरी असाच दिसतो. भगवानरावांनी त्या पुडीकडे पाहिलं.

"होऊ द्या," ते म्हणाले. मग अनंतकडे वळून त्यांनी सांगितलं की रेकॉर्डात पंजाबरावाचा हात हाये तसा ठेव, माहा आवाजबी हाये तसा ठेव. पुन्हा कुणाचं काही कमीजास्त करू नको.

अनंतने तसंच केलं. त्याला करण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. पदं पुन्हा देवळात लागली तेव्हा या वेळी वडलांचा आवाज पूर्ण अंगाने मंडपात आला. मृदंग त्याच्या मागून चालत होता, आणि वरच्या जागेवर आल्यावर एकदम पुढे येऊन पुन्हा मागे जात होता. तानुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई देवळात रोज येत. त्या भगवानरावांना म्हणाल्या की आता कसं, तूच गाऊन राह्यलास असं वाटते. इंद्रभानांना टाळ आवडले. पंजाबराव ऐकता ऐकता मांडीवर बोटं वाजवत होते. ती जागा आली तशी त्यांची बोटं जड झाली, आणि अनंतने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ काय लावावा ते त्याला कळलं नाही. कुणीही तक्रार केली नाही.

निघताना भगवानराव जीपपर्यंत सोबत आले. वाटेत म्हणाले की त्या कापसाच्या खोलीत मले अजून एकदा गायचं हाये. एकट्याले. तू यंत्र सुरू करू नको.

तेव्हापासून बुलढाण्याला काही काम निघालं की भगवानराव घरी येतात, पाणी पितात आणि वर जाऊन दार लावून घेतात. कापसाने खोलीतलं घुमणं थांबतं, आवाज बाहेर जायचा थांबत नाही, त्यामुळे खाली स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. ते तीच ओळ घेतात. वरच्या सुराशी आवाज हलतो, ते थांबतात, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतात. प्रतिमा तेवढ्यापुरता नळ बंद करते. अनंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकतो. मागच्या वेळेपेक्षा आवाज थोडा स्थिर झाला आहे असं त्याला कधी वाटतं, कधी वाटत नाही. प्रतिमाला विचारलं तर ती म्हणते, अजून थोडं ऐकू या.